वात केवढी ठेवावी?

हृदयाच्या आघाताला आणि हातोडीच्या आघाताला मराठीने एकच शब्द ठेवला आहे : ठोका. ह्या शब्दाची खरी गोडी कळायची तर आमच्या हुपरीतच यायला हवे. कोल्हापूर जिल्ह्यातले हे चांदीचे गाव. पैंजण, वाळे, तोडे, जोडवी असा माल इथून गावोगाव जातो. आता यंत्रे आली, तरी कितीतरी घरांच्या सोप्यात अजून ठोके ऐकू येतात. घरातली बायामाणसे कड्या जुळवतात, घुंगरू लावतात. आणि हिशेब तर असा चोख, की कामाच्या जागेवरची केरमातीसुद्धा इथे फुकट जात नाही. तिलाही गिऱ्हाईक असते. झारेकरी ती धुऊन-आटवून तीतून चांदीचा कण न् कण वेगळा काढतात.

अशा गावात एका माणसाच्या छातीतली चार-पाच वर्षे केरात गेली, आणि कुणाला पत्ताही लागला नाही. त्याचीच ही हकीकत आहे.

आमच्या गल्लीत एक आण्णा आहेत. सारा जन्म त्यांनी पैंजणे घडवली. सात वर्षांपूर्वी त्यांना घेरी यायला लागली. एकदा तर भर बाजारात पडले. कोल्हापूरला नेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की हृदयाचे ठोके मधूनच थांबतात, पेसमेकर बसवायला हवा. तो बसवला. आण्णा खडखडीत बरे झाले, पुन्हा कामाला लागले. यंदा मात्र एका तपासणीत निघाले की पेसमेकरची बॅटरी संपत आली आहे, आता नवा बसवावा लागेल. झाले! आण्णांचा पारा चढला. त्यांच्याच एका इचलकरंजीच्या व्याह्यांना तसलाच पेसमेकर आहे, त्याला अकरावे वर्ष चालू आहे, आणि तो अजून सुरळीत आहे.

“सर, चाळीस रुपयांचा घड्याळातला सेल दोन-दोन वर्सं जातोय,” आण्णा मला म्हणाले, “आनि हे लाखाचं मशीन सातव्या वर्साला बसतंय? मालाचा टंच कमी असणार, दुसरं काय!”

टंच म्हणजे चांदीची शुद्धता. हुपरीचा माणूस जगातल्या साऱ्या वाईट गोष्टींचे मूळ टंचात शोधतो, आणि पुष्कळ वेळा ते तिथे सापडतेही. पण ह्या खेपेला टंच पुरता होता. आण्णांबरोबर मी कोल्हापूरला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते मला इतके मोलाचे वाटले, की दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही. ज्यांच्या घरात कुणाला पेसमेकर आहे त्यांनी हे वाचावेच. ज्यांच्या घरात नाही त्यांनीही वाचावे; शेजार तर प्रत्येकालाच असतो.

पेसमेकर म्हणजे काडेपेटीहून चपटी अशी एक धातूची डबी. ती गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत ठेवतात. तिच्यातून एक किंवा दोन तारा शिरेवाटे हृदयात सोडलेल्या असतात. हृदयाने आपला ठोका वेळेवर दिला, तर डबी नुसती ऐकत बसते. दिला नाही, तर ती विजेची एक बारीकशी टिचकी मारते आणि हृदय ठोका देते. मिनिटाला साठ ह्या हिशेबाने दिवसाचे ८६,४०० ठोके होतात, आणि वर्षाचे तीन कोटींहून थोडे अधिक. एवढ्या टिचक्या मारायला जी शिदोरी डबीत भरलेली असते ती साधारण एक अँपिअर-तास. म्हणजे काय, तर हातातल्या मोबाइलमध्ये तिच्या चौपट-पाचपट असते, आणि तो बिचारा रोज रात्री भिंतीला लावावा लागतो! पेसमेकर मात्र तेवढ्यावर वर्षानुवर्षे चालतो, कारण त्याचा खर्च अँपिअरच्या लाखाव्या भागाच्या आसपास असतो. दहा मायक्रोअँपिअर खर्च धरला, तर एक अँपिअर-तासाची शिदोरी एक लाख तास पुरते. लाख तास म्हणजे सव्वाअकरा वर्षांहून थोडे अधिक.

आता हा खर्च दोन प्रकारचा असतो. एक घरखर्च : डबीने जागे राहायचे, हृदयाचे ऐकायचे, नोंदी ठेवायच्या. तो चुकत नाही. दुसरा टिचकीचा खर्च. आणि खरी मेख ह्या दुसऱ्या खर्चात आहे, कारण तो किती करायचा हे डबी बनवणारा ठरवत नाही. तो डॉक्टर ठरवतात, आणि बाहेरून ठरवतात.

आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला आहे. कंदिलाला एक चावी असते. ती फिरवली की वात वर येते किंवा खाली जाते. वात वर केली की उजेड मोठा, पण काच काजळते आणि तेल पहाटेआधीच सरते. वात फार खाली नेली, तर तेल उरते खरे, पण वाऱ्याची झुळूक आली की कंदील विझतो. घरातली आजी निजण्यापूर्वी ती चावी अशी फिरवून ठेवायची, की ना तेल वाया जाई ना अंधार होई. पेसमेकरलाही अशाच चाव्या असतात. फरक एवढाच, की त्या फिरवायला छाती उघडावी लागत नाही. छातीवर एक चकतीसारखे साधन ठेवतात, नव्या यंत्रांत तर तेही पुष्कळदा लागत नाही, आणि प्रोग्रामर नावाच्या यंत्रावरून आतल्या डबीला निरोप देतात. पूर्वीच्या काही पेसमेकरांत कातडीतून सुई घालून आतली खुंटी फिरवावी लागे. १९७०नंतरच्या दशकात हे बाहेरून होऊ लागले.

ह्या चाव्यांपैकी सर्वांत खर्चिक चावी व्होल्टची, म्हणजे टिचकीच्या जोराची. हृदय जागे होण्यासाठी निदान किती जोर लागतो हे डॉक्टर मोजतात. त्याला ते थ्रेशोल्ड म्हणतात. आपण उंबरठा म्हणू. उंबरठा ओलांडला की ठोका पडतो, त्याच्या अलीकडे राहिलात तर टिचकी फुकट. समजा, उंबरठा एक व्होल्टचा निघाला. तर टिचकी एकाची ठेवायची का? नाही. माणूस निजतो, जेवतो, तापाने फणफणतो, औषधे घेतो; उंबरठा थोडाफार खालीवर होतच राहतो. म्हणून सर्वसाधारणपणे त्याच्या दुप्पट जोर ठेवतात. ती वाऱ्याच्या झुळकेची बेगमी.

पण तार नवीन बसवली की पहिले काही आठवडे तिच्या टोकाशी हृदयाच्या आतल्या अंगाला थोडी सूज येते. शरीराला ही पाहुणी ओळखीची नसते. तेवढ्या काळात उंबरठा वर चढतो. हल्लीच्या तारांच्या टोकाशी सूज कमी करणारे औषध भरलेले असते, त्यामुळे हा चढ पूर्वीइतका राहिला नाही. तरीही सुरुवातीला जोर मुद्दाम मोठा ठेवतात. साडेतीन, कधी पाच व्होल्टसुद्धा. त्यात काहीच चूक नाही. पाहुणा नवा असताना रात्रभर दिवा मोठा ठेवतोच आपण. दोन-तीन महिन्यांत सूज ओसरते, उंबरठा खाली येऊन स्थिरावतो. मग डॉक्टर पुन्हा मोजतात आणि वात खाली घेतात.

ही वात खाली घेण्याने काय साधते? विजेचा नियम असा आहे, की दाब दुप्पट केला तर प्रत्येक टिचकीची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट लागते. शिवाय बॅटरीचा स्वतःचा दाब तीन व्होल्टच्याही आत असतो. पाच व्होल्टची टिचकी हवी, तर डबीला तो दाब आधी वाढवून घ्यावा लागतो. वरच्या मजल्यावर पाणी चढवायला जसा जादा पंप, तसे. आता आपण सोयीसाठी एक ढोबळ हिशेब मांडू. घरखर्च आठ मायक्रोअँपिअर. अडीच व्होल्टच्या टिचक्या सारखा मिनिटाला साठप्रमाणे मारल्या तर त्यांचा खर्च दोन. एकूण दहा, म्हणजे वर सांगितली ती सव्वाअकरा वर्षे. त्याच टिचक्या पाच व्होल्टच्या केल्या, तर दोनाचे आठ होतात. एकूण सोळा, म्हणजे सात वर्षे. डबी तीच, बॅटरी तीच, टंच तोच. फरक फक्त वातीचा.

सात वर्षे हा आकडा वाचून वाचकांना आण्णा आठवले असतील. डॉक्टरांनी आतल्या नोंदी पाहिल्या. सात वर्षांपूर्वी बसवताना जोर जेवढा ठेवला होता तेवढाच आजही होता. कारण उघड होते. तिसऱ्या महिन्याला बोलावले असताना आण्णा गेलेच नव्हते.

“कागदावर लिहिलं होतं की, आण्णा,” मी म्हणालो.

“व्हतं. पर बरं वाटत असताना दवाखान्यात कशाला जायचं, सर? त्यात दिवाळीचा माल चाललेला. एक दिस गेला म्हंजे एक दिसाची मजुरी गेली.”

आण्णांच्या ह्या उत्तराला हसण्याचे कारण नाही. ज्याचे पोट रोजच्या वजनावर चालते त्याला तीन महिन्यांनंतरची फेरी ही चैन वाटते. आणि ह्यात सारा दोष त्यांच्या पदरी घालणेही बरे नव्हे. बरे वाटत असताना यायचे ते कशासाठी, हे त्यांना कुणी ह्या शब्दांत समजावून सांगितले नव्हते. ‘तपासणीला या’ एवढेच सांगितले. ‘त्या दिवशी आम्ही तुमची चार वर्षे वाचवणार आहोत’ असे सांगितले असते, तर आण्णा हातातली मूस खाली ठेवून पहिल्या गाडीने निघाले असते. हुपरीच्या माणसाला बचतीची भाषा शिकवावी लागत नाही. ती त्याच्याशी बोलावी मात्र लागते.

आता व्याह्यांच्या अकरा वर्षांचे सारे श्रेय तिसऱ्या महिन्याच्या फेरीला द्यावे का? डॉक्टर म्हणाले, तसेही नाही. व्याह्यांचे हृदय बऱ्याच वेळा स्वतःच ठोका देते, डबी नुसती राखण करते. काही हृदये मात्र पूर्णपणे डबीवर विसंबून असतात. काहींना एक तार असते, काहींना दोन. दोन तारांना खर्च अधिक. तेव्हा शेजाऱ्याची वर्षे मोजून आपली वर्षे ठरवू नयेत. पण आपल्या हृदयाला जेवढे लागते तेवढेच त्याला मिळते आहे ना, हे मोजून घेणे प्रत्येकाच्या हातचे आहे.

आणखीही चाव्या आहेत. टिचकी किती वेळ चालावी ही एक. ती सहसा सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागाइतकी असते. मिनिटाला कमीतकमी किती ठोके हवेत ही दुसरी. सत्तरच्या जागी साठ चालत असतील, तर दिवसाला चौदा हजार चारशे टिचक्या वाचू शकतात. तिसरी चावी सबुरीची : हृदय स्वतः ठोका देते का, याची डबीने क्षणभर अधिक वाट पाहावी. ह्या सबुरीत बॅटरीच वाचते असे नाही. हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्याला गरज नसताना टिचक्या मारत राहिले, तर कालांतराने काहींचे हृदय दुबळे होते. २००२ साली अमेरिकेत ‘डेव्हिड’ ह्या नावाने झालेल्या चाचणीत छातीत बसवण्याच्या झटका-यंत्रांच्या बाबतीत ही गोष्ट स्पष्ट दिसली, आणि तेव्हापासून ‘शक्य तिथे हृदयालाच काम करू द्या’ असा डॉक्टरांचा कल झाला. माणसाच्या बाबतीत आपण हेच म्हणतो. हृदयाच्या बाबतीत ते शास्त्राने सांगावे लागले.

तथापि एक इशारा इथेच द्यायला हवा. काटकसर आणि कंजूषपणा ह्यांत फार अंतर नाही. बॅटरी वाचावी म्हणून उंबरठ्याला चिकटवून जोर ठेवला, आणि एखाद्या रात्री टिचकी कमी पडली, तर वाचलेल्या वर्षांचा उपयोग कोणाला? ज्याचे हृदय पूर्णपणे डबीवर विसंबून आहे त्याच्यासाठी डॉक्टर मुद्दाम जोर अधिक ठेवतात, आणि ते योग्यच असते. काही नवे पेसमेकर उंबरठा स्वतःच मोजून जोर बेताचा ठेवतात. पण त्यांच्यावरही कुणी तरी देखरेख लागतेच. म्हणून ‘माझा जोर कमी करा’ असा आग्रह धरू नये. ‘माझा उंबरठा किती आहे, जोर किती ठेवला आहे, आणि तो इतका का?’ एवढे विचारावे. प्रश्नाने कुणाचा अपमान होत नाही.

ह्या डबीच्या इतिहासात बॅटरीनेच माणसाला सर्वांत अधिक रडवले आहे. सुरुवातीची यंत्रे भिंतीतल्या विजेवर चालत. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात वीज गेली, आणि अशा यंत्रांवर रुग्णाचा जीव ठेवण्यातला धोका डॉ. लिलेहाय यांना कळून चुकला. त्यांच्या सांगण्यावरून अर्ल बॅकन ह्या तंत्रज्ञाने काही आठवड्यांतच बॅटरीवर चालणारे, अंगावर बाळगता येईल असे यंत्र केले. आणि त्यासाठी कल्पना घेतली ती गायन-वादनात लय धरणाऱ्या मेट्रोनोमच्या एका छापील आराखड्यावरून! ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन ह्या त्रेचाळीस वर्षांच्या गृहस्थाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. शल्यवैद्य सेनिंग आणि अभियंता एल्मक्विस्ट ह्यांनी तो बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून ओतला होता. तो काही तासांतच बंद पडला, दुसरा बसवावा लागला. लार्सन ह्यांना जन्मभरात असे सव्वीस पेसमेकर लागले. पण ते सेनिंग आणि एल्मक्विस्ट ह्या दोघांच्याही मागे जगले आणि २००१ साली, शहाऐंशीव्या वर्षी वारले. तेही हृदयाच्या आजाराने नव्हे.

पाऱ्याच्या जुन्या बॅटऱ्या दीड-दोन वर्षांत मान टाकत. १९७० साली पॅरिसमध्ये प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकरसुद्धा बसवून झाला. अखेर १९७२पासून लिथियम-आयोडीनची बॅटरी वापरात आली, विल्सन ग्रेटबॅच ह्या अमेरिकन अभियंत्याने ती पुढे नेली, आणि दोनाची वर्षे दहाकडे सरकली. एवढा मोठा झगडा करून शास्त्रज्ञांनी जी वर्षे मिळवली, ती आपण एका न केलेल्या फेरीपायी घालवतो, हे मनाला लागते.

ह्या वर्षांची किंमत काय, हे आपल्या मुंबईने दाखवले आहे. अमेरिकेत मृत व्यक्तींच्या शरीरातून काढलेले पेसमेकर त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीने गोळा केले गेले. शंभराहून अधिक जमले. ज्यांच्या बॅटरीत पुरेसे आयुष्य उरले होते असे ५३ पेसमेकर निवडून, निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसवण्यात आले. पुढच्या पाहणीत जंतुसंसर्ग किंवा यंत्र बिघडणे असा प्रकार आढळला नाही, असे त्या डॉक्टरांनी २०११ साली अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. परक्या देशातल्या कुणाची उरलेली वर्षे, आणि त्यांवर आपल्याकडची माणसे पुन्हा कामाला लागली! बाकीच्या डब्यांना मात्र ही संधी मिळाली नाही. डबी कितीही चांगली असली, तरी तेल नसेल तर ती नुसती डबीच.

आता थोडे व्यवहाराचे बोलू. घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल, तर दोन-तीन महिन्यांनंतरची पहिली फेरी मुळीच चुकवू नये, बरे वाटत असले तरी. मग सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, डॉक्टर सांगतील तसे जात राहावे. पेसमेकरचे ओळखपत्र पाकिटात ठेवावे. प्रत्येक तपासणीचा छापील कागद मागून घ्यावा आणि रेशनकार्डाइतका जपून ठेवावा. त्यात उंबरठा, जोर आणि बॅटरीची अंदाजे उरलेली वर्षे असतात.

आणि एक मोठी भीती मनातून काढून टाकावी. बॅटरी संपली की माणूस तिथल्या तिथे संपतो, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. संपत आली की यंत्र आधी खूण देते. बदलायला साधारण तीन महिने हाताशी असतात. मात्र ती खूण वाचायला कुणी तरी जावे लागते. बदलताना तारा ठीक असतील तर त्या तशाच ठेवून फक्त डबी बदलतात. लहानच शस्त्रक्रिया, पण प्रत्येक खेपेला जंतुसंसर्गाची थोडी जोखीम असतेच. म्हणून जी खेप टळू शकते ती टाळावी. आणि ज्या घरावर दुःखाचा प्रसंग आला असेल त्यांनी अग्नी देण्यापूर्वी पेसमेकरची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. आगीत ती डबी फुटते, म्हणून आधी काढून घ्यावी लागते.

आण्णांची नवी डबी बसून आता दोन महिने झाले. तारा जुन्याच, चांगल्या निघाल्या, म्हणून डॉक्टरांनी जोर तिथल्या तिथे मोजून बेताचा ठेवला. पुढच्या फेरीची तारीख आण्णांच्या सुनेने कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आहे, आणि त्या दिवशी मालाची वायदी घ्यायची नाही असे घरात ठरले आहे.

वाचकहो, ह्या दिवाळीत पणत्यांत तेल घालाल तेव्हा वातीकडेही एकदा पाहा. आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला ओवाळताना सहज विचारा : “तपासणी कधी आहे?” ओवाळणीत ह्याहून मोठे दान मला तरी सुचत नाही.